ओड्नीने दाखवलेली घोडी

माझी भावजय ओड्नी पाहुण्यांचे बूट हुंगते. थट्टा नाही, खरंच हुंगते. गाडी अंगणात थांबली की ही दारात उभी. या-बसा नाही, नाव-गाव नाही. आधी नजर पायांकडे. बूट जुने दिसले की काढायला लावणार, उलटे करून तळ बघणार, नाकाशी नेणार, आणि बाहेरच्या घोड्याचा वास आल्याचा नुसता भास झाला तरी ते बूट औषधाच्या बादलीत. पाहुणा मोज्यांवर उभा. मग मी स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन धावते, निदान बिचाऱ्याच्या हातात तरी काही गरम असावं.

कायद्याने ती बरोबरच आहे. आमच्या बेटावर बाहेरचा घोडा येत नाही, बाहेर वापरलेलं खोगीर, लगाम, हातमोजे येत नाहीत, आणि इथला घोडा एकदा विमानात चढला की पुन्हा या मातीला त्याचा पाय लागत नाही. इथल्या घोड्यांना बाहेरचे रोग ठाऊक नाहीत. खोकल्याची एक साधी साथ आली तर कळपच्या कळप आडवे होतील. म्हणून सगळेच काळजी घेतात. पण बाकीचे लोक पाहुण्यांना विचारतात आणि उत्तरावर विश्वास ठेवतात. ओड्नीला तो अवयवच नाही. ती हवामानाच्या बातम्यांवर संशय घेते, दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यावर घेते, मी सुपात मीठ घातलं म्हटलं तरी चाखून बघते. माझा भाऊ कोल्बेन याने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने त्याला "का?" म्हणून विचारलं होतं. त्याला उत्तर द्यायला आठवडा लागला, आणि एवढा वेळ लागला म्हणूनच तो तिला खरा वाटला.

कोल्बेन गेला त्याला बरीच वर्षं झाली. डोंगराभोवतीची घोड्यांची सफर त्यानेच सुरू केली होती, ती आम्ही दोघींनी पुढे चालवली. दर उन्हाळ्यात पाहुणे येतात, डोंगराला पूर्ण वळसा घालतात. लाव्ह्याचं काळं रान, राखेची मैदानं, नद्या, आणि मुक्कामाला मेंढपाळांच्या झोपड्या. ओड्नी पुढे. मी ट्रकमध्ये भांडीकुंडी घेऊन. आणि बरोबर सुट्ट्या घोड्यांचा कळप, कारण आमच्याकडे दुपारी घोडे बदलतात. पाहुण्यांनी हातात दोर धरून गोल उभं राहायचं, तेच कुंपण. त्या गोलात कळप शिरला की ओड्नी एकेक घोडा धरून ज्याच्या त्याच्या हाती देते. आज एक, उद्या दुसरा.

या कळपात फ्लुगा होती. काळपट तपकिरी, अंगावर पांढरा केस औषधालाही नाही. उभी असताना कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण चालायला लागली की माणसं बोलता बोलता थांबायची. आमच्या घोड्यांची एक चाल असते, तोल्ट म्हणतात तिला, स्वार जागचा हलत नाही. ती बऱ्याच घोड्यांना येते. फ्लुगाला ती येत नव्हती, फ्लुगा तीच होती. ओड्नीचा या जगात ज्या एकाच जिवावर विश्वास होता, तो जीव म्हणजे ही घोडी.

आणि घोडी कागदोपत्री तिची नव्हती. तिचा मुलगा ब्रांदुर, त्याला चर्चच्या दीक्षेच्या वेळी बापाने एक शिंगरू दिलं होतं, तशी आमच्याकडे पद्धतच आहे. फ्लुगा त्या शिंगराचीच लेक. ब्रांदुर शहरात राहतो, वर्षातून चारदा येतो, पण मालक तो.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात फ्लुगा बुजली आणि ओड्नी बर्फावर आपटली. खुब्याच्या हाडाला चीर गेली. ब्रांदुर धावत आला, खाटेशी बसून राहिला, आणि निघताना म्हणाला, "आई, ही घोडी आता तुझ्यासाठी फार तेज आहे."

"घसरडा बर्फ होता," ओड्नी म्हणाली, "घोडी नव्हती."

वसंतात त्याचा फोन आला. "आई, फ्लुगाचं बोलायचंय. या सफरीला माझ्या ओळखीचं कोणीतरी येतंय, चांगलं माणूस आहे, त्यांना..." एवढंच ऐकून हिने फोन ठेवला. पुन्हा वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा मी उचलायला गेले, तर माझ्या हातावर चापट.

"त्याने गिऱ्हाईक पाठवलंय," ती म्हणाली. "गुपचूप. पाहुण्यांत घुसवून."

"अगं, गुपचूप कसं? तो सांगायलाच तर फोन करत होता!"

"हाल्ला, तू साधी आहेस."

तेव्हापासून ती त्या सफरीची वाट बघत होती, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशी.

पाहुणे आले. तीन मैत्रिणी एकमेकींचे फोटो काढत उतरल्या, एक नवं जोडपं एकमेकांत गुंग. त्यांना ओड्नीने कॉफीच्या आतच वगळलं. उरले दोघं. एक वाउटर म्हणून हॉलंडचा माणूस, उंच, मान खाली घालून बोलणारा. त्याचे बूट कोरे करकरीत. हातमोज्यांना दुकानाची चिठ्ठी तशीच लटकलेली. ओड्नीने बूट हुंगले, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

"सगळं नवं आहे," तिने मला आत ओढून सांगितलं. "पाहुणे कधी सगळं नवं आणतात का? ज्याला नियम इतका पाठ आहे तो घोड्यांच्या धंद्यातला असतो. हाच तो."

दुसरी बिर्गिट, डेन्मार्कची, साठीची, गालांवर लाली, केस कसेतरी बांधलेले. तिने बरोबर काहीच आणलं नव्हतं. "तुमच्याकडचं जुनंपानं असेल ते द्या, चालेल मला," म्हणाली, कोल्बेनचा फाटका रेनकोट अंगात घातला, आणि मी सुपाची तयारी करत होते तिथे येऊन न सांगता बटाटे सोलायला बसली. साल अशी पातळ काढत होती की मला तेव्हाच आवडली. ओड्नीलासुद्धा आवडली. "ही आपल्यातली आहे," ती म्हणाली. माणसाबद्दल असं काही बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं, आणि खरं तर तिथेच मला संशय यायला हवा होता.

पहिल्या सकाळी लाव्ह्याच्या रानात शिरण्याआधी ओड्नीने नेहमीचं भाषण केलं. "इकडेतिकडे बघायचं नाही. पुढच्या घोड्याच्या पायांकडे बघायचं. तो जिथे पाय ठेवतो तिथेच तुमचा ठेवेल. नजर उचललीत आणि पडलात, तर मी थांबणार नाही." थांबते ती, पण बोलते असं.

पुढे फ्लुगावर ती स्वतः. तासाभरात परत येऊन माझ्या ट्रकच्या खिडकीशी. "बघतोय," दात आवळून म्हणाली.

"कोण?"

"तो लांबडा. सकाळपासून तिच्या पायांवरून नजर काढली नाही. पाय बघणारा माणूस फिरायला आलेला नसतो."

दुपारी दोराच्या गोलात वाउटरने अगदी अदबीने विचारलं, "ती पुढची घोडी किती वर्षांची आहे?"

"म्हातारी आहे."

"म्हणजे किती?"

"पुष्कळ. आणि चावते."

"अरे देवा," तो म्हणाला, आणि खिशातून फोन काढून त्याने फ्लुगाच्या खुरांचा फोटो काढला. ओड्नीचा चेहरा मी सांगत नाही.

तेव्हा तिने एक बेत केला. स्वतः बसली तर घोडी आणखी खुलणार, कळपात सोडली तर फेऱ्याफेऱ्याने त्या माणसाच्या वाट्याला येणार. म्हणजे घोडी अशा कोणाच्या तरी खाली द्यायची, जे पोत्यासारखं बसेल आणि तिची चाल मारून टाकेल. तिने गोलावरून नजर फिरवली, आणि फ्लुगाचा लगाम बिर्गिटच्या हातात दिला.

बिर्गिटने हातातल्या लगामाकडे पाहिलं. "मला?" म्हणाली. "नक्की?"

"नक्की," ओड्नी म्हणाली. "आणि माझ्या शेजारीच राहा."

बिर्गिट पोत्यासारखीच बसली. हात सैल, पाय सैल, काही म्हणून काही करेना. आणि फ्लुगा तिच्याखाली अशी निघाली, की कळपामागे असलेल्या शेजारच्या दोघा माणसांनी शिट्ट्या घातल्या. ओड्नीने त्याचा दोष घोडीला दिला. "दाखवायचीच हौस आहे मेलीला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्लुगा बिर्गिटला. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मात्र मी पळी खाली ठेवली. आमच्या भागात घोडा विकायचा असला तर तोंडाने कोणी विषय काढत नाही, ते हलकं समजतात. ज्याला द्यायचा त्याच्या हाती सफरीभर तोच घोडा रोज द्यायचा. बदलला, तर नाही. बदलला नाही, तर होय. मालक किंवा मालकाच्या घरचं माणूस असं करतं तेव्हा तो शब्दच असतो. त्यावर आमच्याकडे भांडणं झाली आहेत, पण कोणी शब्द फिरवलेला मी पाहिलेला नाही.

"अगं ओड्नी," मी म्हणाले, "तिसरा दिवस झाला. रोज तीच घोडी त्याच बाईला. हे कसं दिसतं, कळतंय का तुला?"

"कोणाला दिसतं? ती डेन्मार्कची बाई. तिला काय ठाऊक आपल्या रीतीभाती?"

"शेजारच्यांना दिसतंय ना."

"त्यांना मी सांगेन नंतर. आधी या लांबड्याला घरी जाऊ दे." मग डोळे बारीक करून, "काल रात्रीच्या सुपाला तो काय म्हणाला, ऐकलंस? म्हणाला, त्या घोडीला एकटं वाटत असेल. किती आतल्या गाठीचा आहे बघ."

बिचारा वाउटर! ओड्नीने त्याला सांगितलं की फ्लुगा लंगडते, फ्लुगा खोकते, फ्लुगाने एकदा एका माणसाची टोपी खाल्ली. तो प्रत्येक गोष्ट गंभीरपणे ऐकून घ्यायचा, मैत्रिणींना सांगायचा, आणि सगळे मिळून घोडीकडे कणवेने बघायचे. नदी ओलांडताना तो फ्लुगाच्या अगदी मागे चिकटला, तर ही ओरडली, "अंतर ठेवा! लाथ मारते!" फ्लुगाने उभ्या जन्मात कोणाला लाथ मारलेली नाही. त्यामुळे तो मागे राहिला, ओढीत कमरेपर्यंत भिजला, आणि संध्याकाळी चुलीशी पाय वाळवत माझी माफी मागत बसला, कशाची ते त्यालाच ठाऊक.

शेवटच्या दुपारी आम्ही दगडी कोंडवाड्यापाशी थांबलो. तिथून आमचं घर दिसतं. मी वाळवलेला मासा आणि लोणी वाढत होते, वाउटर कप पुसायला आला, आणि माझ्याने राहवलं नाही. "एक सांगा," मी म्हणाले, "त्या घोडीच्या पायांत तुम्हाला काय दिसतं?"

तो लाजला. "ओड्नीबाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं ना, पुढच्या घोड्याच्या पायांकडे बघा, नजर उचलू नका. मी जन्मात घोड्यावर बसलो नव्हतो. फार भीती वाटते. तिच्या पायांकडे बघितलं की कमी वाटते. फोटो बायकोला पाठवतो. ती म्हणते तू घरी येशील तेव्हाच खरं."

"आणि हे सगळं नवं सामान?"

"माझं चष्म्यांचं दुकान आहे हो. जुनं कुठून असणार?"

मी हसत हसत ओड्नीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही. आधी म्हणाली, "असं म्हणतो म्हणजे तर नक्कीच." मग जरा वेळाने म्हणाली, "चष्मे?" मग तिचा हातातला मासा तसाच राहिला.

"मग कोण?"

आम्ही दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं. कोंडवाड्याच्या भिंतीशी बिर्गिट फ्लुगाचा पुढचा पाय उचलून खुरातला खडा काढत होती, न बघता, बोटांनीच. मग तिने तळवा घोडीच्या पाठीवर सपाट ठेवला आणि तो तसाच सरकवत मागून पलीकडे गेली. फ्लुगाने कानही हलवला नाही.

"ओड्नी," मी म्हणाले, "ही बाई करते काय, हे आपण एकदा तरी विचारलं का?"

"ती बटाटे सोलते," ओड्नी म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

घरी पोचलो तर अंगणात ब्रांदुरची गाडी. तो पायऱ्यांवर बसला होता, उठून आला, आणि फ्लुगावरून उतरणाऱ्या बिर्गिटकडे बघतच राहिला. मग त्याने आईला मिठी मारली. तो मिठी मारणारा मुलगा नाही.

"आई, तू असं मानशील असं वाटलं नव्हतं मला," तो म्हणाला. "मी यांना बजावलं होतं, आपणहून एक अक्षर काढायचं नाही. आईने घोडी हातात दिली आणि बदलली नाही तर समजायचं. नाही दिली तर विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही. तुझ्यावर सोडलं होतं मी. सगळं तुझ्यावर."

बिर्गिटने ओड्नीचे दोन्ही हात धरले. तिच्याकडे तिकडे आमच्या जातीचे घोडे होते, तिने आयुष्य त्यांच्यातच घालवलं होतं. "पहिल्या दुपारी तुम्ही लगाम दिलात ना, मला रडू येणार होतं," ती म्हणाली. मग तिने ओड्नीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि हात सोडले. "तुम्हाला द्यायची नव्हती का? सांगा. मी आत्ता निघून जाईन, आणि माझ्या मनात काहीही राहणार नाही."

मला संताप आला. सगळ्यांचाच. त्या पोराचा, ज्याने फोनऐवजी एक पत्र टाकलं असतं तर काय बिघडलं असतं. त्या बाईच्या चांगुलपणाचा. आणि या माझ्या भावजयीचा. "नव्हतीच द्यायची!" मी म्हणाले. "तिला वाटलं..."

"हाल्ला, गप्प बस."

तिने ब्रांदुरकडे पाहिलं. तो अजून हसत होता, पण हसू अडखळायला लागलं होतं. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं: तू माझ्यामागे गिऱ्हाईक घुसवलंस असं मला वाटलं, आणि त्या गिऱ्हाइकापासून घोडी लपवायला मी तिला यांच्या हाती दिली. घोडी राहिली असती. आणि ज्या मुलाने सगळं आपल्यावर सोडलं होतं, त्याला कळलं असतं की आई त्याला इतके दिवस चोर समजत होती.

"मी दाखवली," ओड्नी म्हणाली. "दाखवली म्हणजे दिली."

आणि आत जाऊन तिने कॉफी ठेवली, जे काम तिने या घरात कधीच केलं नव्हतं. कॉफी कडू झाली. सगळ्यांनी प्यायली.

शरदात फ्लुगाला न्यायला गाडी आली. आदल्या दिवशी मी म्हणाले, "अजून सांगते मी ब्रांदुरला." "सांगितलंस तर या घरात तुझं पान मांडणार नाही," ओड्नी म्हणाली. म्हणून ब्रांदुरला आजही ठाऊक नाही, आणि तो गोष्टी वाचत नाही हे बरं आहे. गाडीत चढवताना तिने घोडीला काही म्हटलं नाही, तिची मान खाजवली नाही. फळीचा खिळा सैल आहे म्हणून ड्रायव्हरशी भांडली.

मग फोन सुरू झाले. घोडी पोचल्याचं कळवायला बिर्गिटने फोन केला, तर ओड्नी म्हणाली, "तीच पोचली कशावरून?" बिर्गिटने फोटो पाठवला. "कोणत्याही तपकिरी घोडीचा आहे हा," ओड्नी म्हणाली, आणि दर रविवारी जेवण झालं की मला नंबर लावायला लावू लागली. घोडी खाते का, कोणाशेजारी उभी राहते, पावसात तोंड कुठे करते. उत्तरं बरोबर आली की म्हणायची, "पढवून ठेवलंय कोणीतरी." एकदा तिने फोन घोडीच्या तोंडाशी धरायला सांगितला, आणि गवत चघळल्याचा आवाज पूर्ण ऐकून म्हणाली, "सगळ्याच अशा चघळतात." ती बिर्गिट पण धन्य, एकदाही चिडली नाही. ओड्नीला त्याचाही संशय.

असाच एक रविवार. बिर्गिट म्हणाली, मी आत्ता कुरणातच आहे, ती लांब टोकाला चरतेय, फोनचा आवाज मोठा करते, तुम्हीच हाक मारा. ओड्नी फोनकडे बघत राहिली. मग खुर्चीवरून उठली, उभी राहिली, आणि डोंगरउतारावरून घोडे बोलावताना आम्ही घालतो तशी लांब, चढत जाणारी हाक तिने स्वयंपाकघरात घातली. ताटल्या वाजल्या.

फोनमधून आधी काहीच नाही. मग टापा ऐकू आल्या, जवळ येणाऱ्या, त्या चालीच्या, एकसारख्या. मग खिंकाळणं.

"आली," बिर्गिट म्हणाली. "पळत आली कुंपणाशी. कान उभे केलेत. माझ्याकडे बघत नाहीये हो. माझ्या मागे बघतेय." थोड्या वेळाने म्हणाली, "आता रस्त्याकडे बघतेय. अजून बघतेय."

ओड्नीने फोन माझ्या हातात दिला. "तीच आहे," ती म्हणाली, आणि ओट्यापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. मी बिर्गिटशी काहीबाही बोलून फोन ठेवला.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मी सवयीने नंबर लावायला घेतला, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"नको. ती शोधत बसते."

त्यानंतर तिने कधी फोन केला नाही. बिर्गिटचा आला तर मी घेते. मी बोलत असते तोवर ओड्नी दार ओढून बाहेर अंगणात जाऊन उभी राहते, आपला आवाज तिकडे जाऊ नये म्हणून.